जुन्या अलार्म पॅनलला सिमवरची लाइन कशी द्यायची

रावेरकडच्या एका केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये रात्री चोर शिरले होते. दाराचा सेन्सर चालला, पॅनल चाललं, सायरनही वाजला. पण शेड गावाबाहेर, आजूबाजूला सगळ्या बागा. सायरन ऐकायला कोणी नव्हतं. पॅनलनं मालकांच्या घरी फोन लावायचा होता, तो लागलाच नाही. सकाळी मी पोचलो तेव्हा मालकांचे वडील ओट्यावर बसलेले. "भाऊ, घंटी वाजनीच नही," एवढंच बोलले.

लाइनला मीटर लावला तर शून्य व्होल्ट. ती लाइन कधीपासून मेलेली होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या खिशात मोबाइल, त्यामुळे त्या लँडलाइनवरून महिनोन्‌महिने कोणी बोललेलंच नव्हतं. पॅनलमध्ये लाइन तपासायची सोय होती, पण "सारखं टीं टीं करतं" म्हणून आधीच्या कोणीतरी ती बंद करून ठेवली होती.

त्या दिवसापासून मी जुन्या पॅनलला सिमवरची लाइन जोडण्याचं काम मनावर घेतलं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पतसंस्था, जिनिंग, डाळमिल, कोल्ड स्टोरेज, सराफी दुकानं अशा कितीतरी ठिकाणी टेलिफोन डायलर (अलार्म झाला की स्वतः फोन लावणारा भाग) असलेली पॅनल्स अजून भिंतीवर आहेत आणि उत्तम चालतात. ती काढून फेकायची गरज नाही. त्यांना फक्त एक लाइन हवी आहे, आणि ती लाइन तांब्याच्या जोडीतून आली की सिममधून, याच्याशी पॅनलला देणंघेणं नाही. हा लेख कॅमेऱ्यांचं किंवा वायरिंगचं काम करणाऱ्या, पण अलार्मच्या डायलरला पहिल्यांदाच हात लावणाऱ्या पोरांसाठी आहे.

एक्सचेंज पॅनलला काय देतं

लँडलाइनचं सोंग आणायचं तर आधी खरी लाइन कशी वागते ते पाहा. रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. रिसीव्हर उचलला, म्हणजे दोन तारांमधलं सर्किट पूर्ण झालं, की व्होल्टेज ६ ते १० पर्यंत उतरतो आणि २० ते ४० मिलिअँपिअर करंट वाहू लागतो. त्या करंटवरून एक्सचेंजला कळतं की कोणीतरी उचललं आहे, आणि ते डायल टोन सोडतं. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा. मग प्रत्येक आकड्याला दोन सूर एकत्र वाजतात: १ दाबला की ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, ५ दाबला की ७७० आणि १३३६. समोरून फोन आला की लाइनवर सुमारे ७५ व्होल्टचा एसी येतो, त्यानं घंटी वाजते. हा एसी बोटाला चांगलाच झटका देतो. जोडणी करताना कोणी त्या नंबरवर फोन लावणार नाही एवढी काळजी घ्या.

सिमवरून ही सगळी नक्कल करणाऱ्या डब्याला बाजारात एफसीटी म्हणतात, फिक्स्ड सेल्युलर टर्मिनल. आत मोबाइलचा मोड्यूल, सिमची खाच, बाहेर अँटेना आणि टेलिफोनचा आरजे-११ सॉकेट. पूर्वी केबल न पोचलेल्या गावांत पीसीओवाले हेच डबे वापरत. त्यामुळे काही डब्यांत समोरच्यानं फोन उचलताच लाइनची पोलॅरिटी उलटवण्याची सोय अजून सापडते, कारण पीसीओचं मीटर त्यावर चालायचं. पॅनलच्या सेटिंगमध्ये पोलॅरिटी उलटण्याचा उल्लेख असेल तर ही सोय चालू करा, फोन उचलला गेला की नाही हे पॅनलला पक्कं कळतं.

सॉकेटला चार आण्याचा साधा टेलिफोन लावून डायल टोन ऐकू आला म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. का, ते पुढे सांगतो. या सगळ्या लेखात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

फायबरची लाइन म्हणजे जुनी लाइन नव्हे

बऱ्याच ठिकाणी तांब्याची जोडी जाऊन फायबर आली. घरातल्या फायबरच्या डब्याला टेलिफोनचं सॉकेट असतं, नंबर तोच राहतो, म्हणून मालकाला वाटतं काहीच बदललं नाही. पण तांब्याच्या लाइनचा ४८ व्होल्ट एक्सचेंजच्या बॅटरीतून यायचा. गावात वीज गेली तरी फोन चालायचा. फायबरच्या डब्यातला व्होल्टेज तुमच्याच भिंतीवरच्या प्लगमधून तयार होतो. वीज गेली की तोही गेला. चोर आधी मेन स्विच पाडतो. म्हणून कुठेही गेलात की पहिला प्रश्न हा: लाइन तांब्याची की फायबरची? फायबरची असेल तर त्या डब्याला छोटा यूपीएस लावून घ्या, आणि तरीही सिमचा बॅकअप द्याच.

तुमचं पॅनल फोनवर काय बोलतं

डबा विकत घेण्याआधी पॅनलचं झाकण उघडा, मॉडेल नंबर टिपा आणि मॅन्युअल शोधा. फोनवर बोलण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि डब्याची निवड त्यावरच ठरते.

पहिला प्रकार आवाजाचा. पॅनल तीन-चार नंबरांवर फोन लावतं आणि रेकॉर्ड केलेला संदेश ऐकवतं, "दुकानात चोरी, दुकानात चोरी". आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत आणि शेडमध्ये हेच असतं. याला साधा एफसीटी पुरतो.

दुसरा प्रकार कॉन्टॅक्ट आयडीचा. बँका, पतसंस्था, मोठी गोदामं, जिथे पॅनलचा निरोप मॉनिटरिंग केंद्रातल्या यंत्राकडे जातो, तिथे हा भेटेल. पॅनल फोन लावतं, केंद्राचं यंत्र १४०० आणि २३०० हर्ट्झचे दोन छोटे सूर देतं, मग पॅनल टेलिफोनच्याच आकड्यांच्या सुरांत १६ आकडे पटापट म्हणतं. उदाहरण घेऊ: ४२५१ १८ ११३० ०१ ००७ १. यात ४२५१ हा ग्राहकाचा क्रमांक. १८ म्हणजे हा कॉन्टॅक्ट आयडीचा निरोप आहे. ११३० मधला पहिला १ म्हणजे नवी घटना, पूर्ववत झाल्याचा निरोप असता तर तिथे ३ असता. १३० म्हणजे चोरी. ०१ हा विभाग, ००७ म्हणजे सातवा झोन, पॅनलवरची सेन्सरची सातवी जोडणी. शेवटचा १ हा ताळा. सगळ्या आकड्यांची बेरीज करायची, शून्य आला तर तो दहा धरायचा, आणि बेरीज १५ च्या पटीत यावी इतका शेवटचा आकडा ठेवायचा. वरची बेरीज ताळ्याआधी ७४ होते, म्हणून ताळा १. कागदावर एकदा स्वतः करून पाहा, पुढे निरोप बिघडला की कुठे बिघडला ते लवकर उमगतं. ताळा जुळला की केंद्र १४०० हर्ट्झचा एक लांब सूर देतं. ती पोचपावती. ती मिळाली नाही तर पॅनल निरोप पुन्हा म्हणतं.

अडचण अशी की हे सूर ५०-६० मिलिसेकंदांचे असतात. मोबाइलचं जाळं माणसाचा आवाज दाबून, आवळून पाठवतं. सुरांसाठी ते बनलेलंच नाही. साध्या एफसीटीतून कॉन्टॅक्ट आयडी कधी जातो, कधी जात नाही. टेबलावर दहापैकी आठ वेळा गेलेला निरोप शेडमध्ये दहापैकी चार वेळा जातो. हे मी स्वतः भोगलंय, म्हणून ठामपणे सांगतो: कॉन्टॅक्ट आयडी असेल तर साधा एफसीटी लावू नका. त्यासाठी डायलर कॅप्चर प्रकारचा डबा घ्या. तो पॅनलचा निरोप जागच्या जागी ऐकतो, आकडे समजून घेतो आणि इंटरनेटवरून डेटा म्हणून केंद्राला पाठवतो. महाग पडतो, पण सूर मोबाइलच्या आवाजातून जातच नाहीत, त्यामुळे बिघडत नाहीत.

असा डबा घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा. पॅनलला पोचपावती डबा कधी देतो: निरोप ऐकल्याबरोबर, की केंद्राकडून उत्तर आल्यावर? ऐकल्याबरोबर देणारा डबा पॅनलला "पोचलं" असं सांगून मोकळा होतो, आणि नंतर डेटा गेला नाही तर पॅनल पुन्हा प्रयत्न करत नाही. केंद्राचं उत्तर आल्यावरच पावती देणारा घ्या.

सिम आणि पिढी

टूजीचाच एफसीटी असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, जिओकडे टूजी नाहीच. फोरजीचा डबा घेत असाल तर त्यात व्होल्टे, म्हणजे फोरजीवरूनच आवाज पाठवायची सोय, आहे ना हे पक्कं विचारा. काही डबे फोरजी फक्त डेटासाठी वापरतात आणि आवाजासाठी टूजीवर उतरतात. थ्रीजीचा डबा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, बहुतेक ठिकाणी थ्रीजी बंद झालं आहे.

कोणत्या कंपनीचं सिम, हे जाहिरात पाहून ठरवायचं नाही, जागेवर उभं राहून ठरवायचं. यावल, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला दोन किलोमीटरवर चित्र बदलतं. तिथे तीन कंपन्यांची सिमं खिशात घेऊन जा, पॅनलच्या जागेवर प्रत्येकाची रेंज डीबीएममध्ये पाहा (उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली). टूजीला उणे ७५ किंवा त्याहून चांगली असेल तर निश्चिंत, उणे ९५ च्या खाली गेली तर त्या जागेवर काम करू नका. फोरजीचं मोजमाप वेगळं: उणे ९५ ठीक, उणे ११० च्या खाली भरवसा नाही. टॉवरच्या काड्या पाहून ठरवू नका, त्या प्रत्येक फोन वेगळ्या दाखवतो.

सिम आधी साध्या मोबाइलमध्ये घाला. पिन लॉक काढा, कॉल वेटिंग आणि कॉल फॉरवर्डिंग बंद करा, एक फोन लावून पाहा. मग एफसीटीत घाला. पिन राहिला आणि वीज जाऊन आली, तर डबा पिन मागत बसतो आणि कोणाला कळतही नाही.

टेबलावर आधी

जागेवर जाण्याआधी घरी एकदा पॅनल बोलतं करा. त्यासाठी एफसीटीही लागत नाही. १२ व्होल्टच्या दोन ७ एएच बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करा. एका टोकाला ५६० ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर घाला. हे टोक आणि बॅटरीचं दुसरं टोक पॅनलच्या लाइन टर्मिनलना द्या, आणि त्याच दोन तारांवर समांतर एक साधा टेलिफोन जोडा. या बॅटऱ्या पॅनलला वीज देणाऱ्या बॅटरीपासून वेगळ्या असाव्यात, नाहीतर पॅनलच्या आतून भलताच रस्ता तयार होतो.

आता पॅनलला डायल टोनची वाट न पाहता डायल करायला सांगा, ही सेटिंग जवळजवळ प्रत्येकात असते. टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावा आणि अलार्म द्या. पॅनल लाइन उचलतं तो खट्‌ आवाज, मग आकड्यांचे सूर, मग संदेश, सगळं ऐकू येईल. मीटर लाइनवर ठेवा, उचलण्याआधीचा आणि नंतरचा व्होल्टेज वहीत लिहा. हा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे, पण लाइन उचलणं म्हणजे काय हे त्यानं जेवढं कळतं तेवढं कोणत्याही पुस्तकानं कळत नाही.

मग बॅटऱ्या काढून त्या जागी एफसीटी जोडा. त्याचा ठेवलेला व्होल्टेज मोजा. काही डबे ४८ देतात, काही २४ च्या आसपास. तार चार फुटांची असल्यानं २४ नंही करंट पुरतो. पण पॅनलचं लाइन तपासणारं सर्किट जास्त व्होल्टेजची अपेक्षा करत असेल तर ते "लाइन फॉल्ट" दाखवत राहील. अशा वेळी तपासणी बंद करायचा मोह होतो. रावेरला तोच मोह कोणालातरी झाला होता. तपासणी बंद करू नका, डबा बदला.

जागा, अँटेना, पत्र्याची शेड

एफसीटी पॅनलच्या लोखंडी पेटीत ठेवू नका, आत रेंज पोचत नाही. पॅनलपासून निदान एक मीटर लांब ठेवा. टूजीचा मोड्यूल बोलताना सेकंदाला २१७ वेळा झटके देतो. स्पीकरजवळ मोबाइल ठेवल्यावर येणारी ती टिर्र-टिर्र आठवा. तीच टिर्र पॅनलच्या लाइनीत शिरली की संदेश फाटका ऐकू जातो.

जिनिंग आणि कोल्ड स्टोरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पतसंस्थेच्या काँक्रीटच्या तिजोरी-खोलीत रेंज मरतेच. उपाय म्हणजे बाहेर अँटेना. चुंबकाच्या बुडाचा अँटेना लोखंडी पत्र्यावर बाहेरून बसवला की पत्राच त्याला मदत करतो. केबल तीन ते पाच मीटरच्या आत ठेवा, पातळ केबल लांबवली की मिळालेली रेंज केबलच खाते. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकून जाईल. अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांचा आहे ते वाचा: फक्त ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झचा जुना अँटेना २३०० वर मार खातो. अँटेना आणि केबल हाताला लागेल इतक्या खाली नको, कारण चोराला तीच पहिली दिसते.

मालक म्हणतील, "बूस्टर लावून टाका ना, ऑनलाइन मिळतो." लावू नका. परवान्याशिवाय सिग्नल बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्यानं आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं.

वीज

इथे बहुतेक नव्या पोरांची चूक होते. एफसीटीचा अॅडॉप्टर भिंतीच्या प्लगला लावतात आणि पॅनलला मात्र बॅटरी. वीज जाताच पॅनल जागं, पण लाइन मेलेली. एफसीटीलाही बॅटरीवरचीच १२ व्होल्टची वीज द्या.

पॅनलच्या ऑक्झिलरी टर्मिनलवरून घ्यायची तर आधी त्याची मर्यादा वाचा. एफसीटी गप्प असताना थोडाच करंट खातो, पण फोन लावताना क्षणभर मोठा घोट घेतो. १२ व्होल्टवर एक अँपिअरच्या आसपास धरून चला. त्या घोटानं व्होल्टेज खाली आला की डबा रीस्टार्ट होतो. मग अलार्मच्या वेळीच डबा बंद-चालू होतो, आणि तपासणीच्या वेळी सगळं ठीक दिसतं. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतून दहा मीटर लांब वीज नेली तर जाऊन-येऊन वीस मीटर तार होते, पाऊण ओहमच्या आसपास विरोध होतो, आणि एका अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. जाड तार वापरा, नाहीतर एफसीटीला स्वतंत्र बॅटरी-चार्जर द्या. मला स्वतंत्रच बरा वाटतो.

हिशेब असा करा. पॅनल १५० मिलिअँपिअर, सेन्सर मिळून १००, एफसीटी १५०, एकूण ४००. ७ एएचची बॅटरी कागदावर साडेसतरा तास चालेल. मी त्याचे निम्मे धरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळजवळ निम्मं होतं. पुण्यात चार वर्षं चालणारी बॅटरी भुसावळच्या पत्र्याखाली दोन उन्हाळेही नीट काढेल याची खात्री नाही. बसवल्याची तारीख बॅटरीवरच मार्करनं लिहा.

जोडणी

दोन परिस्थिती आहेत. लँडलाइन पूर्ण गेली असेल तर सोपं: एफसीटीच्या फोन सॉकेटमधून दोन तारा पॅनलच्या लाइन टर्मिनलना, टिप आणि रिंगला (लाइनच्या दोन तारांची ही नावं). घरातला टेलिफोन पॅनलच्या पुढच्या दोन टर्मिनलना. अलार्मच्या वेळी पॅनल त्याचा टेलिफोन तोडून लाइन स्वतःकडे ओढून घेतं, म्हणून पॅनल नेहमी पहिलं आणि टेलिफोन त्याच्या मागे. उलट जोडलं तर कोणी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला की अलार्मचा फोन जाणार नाही.

लँडलाइन जिवंत असेल आणि सिम फक्त बॅकअप म्हणून हवं असेल, तर लाइन आत घेणारं वेगळं सॉकेट असलेला डबा घ्या. बाहेरची लाइन त्याच्या लाइन सॉकेटला, त्याच्या फोन सॉकेटमधून पॅनलला. डबा लाइनवरचा व्होल्टेज पाहत राहतो, तो पडला की आतला रिले पॅनलला सिमवर वळवतो. किती सेकंदांनी वळायचं ते ठरवता येतं. मी ३० ते ६० सेकंद ठेवतो, म्हणजे लाइनीच्या क्षणिक झटक्याला डबा उड्या मारत नाही.

एक गोष्ट कधीच करू नका: एफसीटीचं फोन सॉकेट आणि जिवंत लँडलाइन एकाच तारांवर समांतर जोडू नका. दोन्हीकडून व्होल्टेज येतो, एफसीटी जळतो आणि कधी पॅनलचा डायलरही. तांब्याची लाइन खांबावरून येत असेल तर ती आत शिरते तिथे वीज-संरक्षक बसवा आणि त्याला खरी अर्थिंग द्या. रोहिणीतल्या पहिल्या वळवाच्या कडकडाटात मी एका आठवड्यात तीन डायलर जळालेले पाहिलेत, तिन्हीकडे अर्थिंगची तार नुसती लोंबत होती.

नंबर भरताना

लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी ० लावावा लागतो. जुन्या पॅनलमध्ये भरलेले दहा आकडी नंबर त्या दिवसापासून लँडलाइनवरून लागायचे बंद झाले, आणि कित्येकांनी ते आजवर दुरुस्त केलेले नाहीत. ० लावून भरा, सिमवरूनही तो चालतो. उलट बाजू अशी की जळगावातला स्थानिक लँडलाइन नंबर सिमवरून नुसता लागत नाही, आधी ०२५७ हवा, भुसावळला ०२५८२. बॅकअपच्या जोडणीत नंबर दोन्ही रस्त्यांवरून लावून पाहिल्याशिवाय जागा सोडू नका.

शेवटचा आकडा आल्यावर एफसीटी काही सेकंद थांबतो, अजून आकडा येतोय का ते पाहतो, मग फोन लावतो. पॅनल तेवढ्यात "कोणी उचललं नाही" म्हणून फोन ठेवून देऊ शकतं. पॅनल चौकटीचं चिन्ह (#) भरू देत असेल तर नंबरच्या शेवटी ते भरा, बहुतेक डबे ते आलं की लगेच फोन लावतात. नाहीतर डब्यातला तो थांबा कमी करा आणि पॅनलची वाट पाहण्याची वेळ वाढवा.

आवाजाच्या डायलरला आणखी एक त्रास आहे, कॉलर ट्यूनचा. घंटीऐवजी गाणं लागलं की काही पॅनल्सना वाटतं समोरच्यानं उचललं, आणि संदेश गाण्यालाच ऐकवून पॅनल फोन ठेवतं. कोरोनाच्या काळात फोन लागण्याआधी खोकल्यासह सूचना वाजायची तेव्हा असंच झालं होतं. म्हणून ज्या नंबरांवर अलार्म जाणार त्यांची कॉलर ट्यून काढायला सांगा, आणि संदेश निदान चार-पाच वेळा वाजेल असं ठेवा. ११२ नंबर डायलरमध्ये भरू नका. आधी माणसाला कळू द्या, त्यानं खात्री करून ११२ लावावा.

सिमवरची लाइन खोटं बोलते का, हे तपासा

आता तो महत्त्वाचा मुद्दा. तांब्याची लाइन मेली की व्होल्टेज जातो, आणि तपासणी चालू असेल तर पॅनलला ते कळतं. एफसीटी मात्र व्होल्टेज स्वतः तयार करतो. सिमचा रिचार्ज संपला, टॉवर बंद पडला, अँटेना तुटला, तरी कित्येक डबे ४८ व्होल्ट देत राहतात, डायल टोनसुद्धा देतात. पॅनलला वाटतं लाइन ठणठणीत आहे. म्हणजे रावेरला जे झालं तेच पुन्हा, आणि या वेळी तपासणी चालू असूनही. पॅनलला फसवण्याचं हे काम आपण करतोय, तर नेटवर्क नसताना ते फसवणं थांबेल याची जबाबदारीही आपलीच.

चार चाचण्या करा, मालकांच्या समोर. पहिली, चालू डब्यातून सिम काढा आणि टेलिफोन उचला. डायल टोन आला तर डबा खोटं बोलतोय. सेटिंगमध्ये "नेटवर्क नसेल तर लाइन बंद" अशा अर्थाचा पर्याय शोधा, तो चालू केला की व्होल्टेज पडेल आणि पॅनल लाइन फॉल्ट दाखवेल. तो पर्याय नसेल पण डब्याला बिघाडाचा रिले असेल, तर तो पॅनलच्या २४ तास जाग्या असलेल्या झोनला जोडा. दोन्ही नसेल तर तो डबा अलार्मच्या कामाचा नाही, परत करा. दुसरी, अँटेना काढा, किती वेळानं बिघाड दिसतो ते घड्याळात पाहा. तिसरी, मेन स्विच पाडा, दहा मिनिटं थांबा, मग अलार्म द्या. चौथी, बॅकअपच्या जोडणीत लँडलाइनची तार उपसा आणि अलार्म द्या. प्रत्येक वेळी फोन खरोखर मालकांच्या हातात वाजला पाहिजे. पॅनलवरचा दिवा पाहून पुढे जाऊ नका.

रिचार्ज संपल्याचं मात्र या चाचण्यांत पकडलं जात नाही. सिमला नेटवर्क असतं, फक्त बाहेर फोन जात नाही. त्यासाठी पॅनलला रोज किंवा आठवड्यातून एकदा स्वतःहून फोन करायला लावा. कॉन्टॅक्ट आयडीत हा ६०२ नंबरचा निरोप, आणि केंद्राला सांगून ठेवा की तो आला नाही तर मालकांना कळवायचं. आवाजाच्या डायलरमध्ये ही सोय नसेल तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मालकांनीच अलार्म देऊन पाहायचा. त्यानं सिम वापरातही राहतं, नाहीतर ९० दिवस न वापरलेलं सिम कंपनी बंद करू शकते. वर्षभराचा रिचार्ज एकदम मारा, दिवाळीच्या पाडव्याला वह्यांच्या पूजनाच्या दिवशी मारला तर विसरला जात नाही.

पॅनलच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवा. सिमचा नंबर, कंपनी, रिचार्ज कधी संपतो, बॅटरी कधी बसवली, जागेवरची रेंज किती होती, ठेवलेला आणि उचललेला व्होल्टेज किती, कोणत्या नंबरांवर फोन जातो. रावेरच्या त्या चेंबरमध्ये आज असं कार्ड आहे, आणि दर महिन्याची तारीख त्यावर मालकांचे वडील स्वतःच्या हातानं लिहितात.